डेमोवाल्याला चिमूटभर मीठ द्या

पाणी शुद्ध करण्याचं मशीन विकायला आलेला तरुण तुमच्या ओट्यावर दोन ग्लास ठेवतो. एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याने बाटलीतून आणलेलं. मग पिशवीतून चार दांड्यांचं एक उपकरण काढतो, दोन-दोन दांड्या एकेका ग्लासात सोडतो आणि पिन सॉकेटमध्ये घालतो. बघता बघता नळाचं पाणी पिवळट होतं, मग तपकिरी, आणि वर हिरवट-काळा गाळ तरंगायला लागतो. त्याचं पाणी मात्र होतं तसं नितळ. "काकू, हे तुम्ही रोज पिताय," एवढंच तो म्हणतो. पुढचं काम ग्लासच करतो.

त्या ग्लासात दिसतं ते पाण्यातून वर आलेलं नसतं, दांडीतून सुटलेलं असतं. प्रत्येक जोडीत एक दांडी लोखंडाची असते. पाण्यात क्षार विरघळलेले असले की त्यातून वीज वाहते, लोखंड झिजतं आणि गंजाचा गाळ तयार होतो. त्याच्या बाटलीतल्या आरओच्या (रिव्हर्स ऑस्मोसिस, म्हणजे अतिसूक्ष्म पडदीतून दाबाने गाळलेल्या) पाण्यातले बहुतेक क्षार काढून टाकलेले असल्याने वीज जवळजवळ वाहतच नाही, म्हणून दांडी गंजत नाही आणि पाणी नितळ राहतं. इतकंच. विहिरीचं उत्तम गोडं पाणी घेतलं तरी ते असंच काळं पडेल. विश्वास नसेल तर त्या तरुणाला चिमूटभर स्वयंपाकाचं मीठ द्या, त्याच्याच नितळ ग्लासात टाकून ढवळायला सांगा आणि प्रयोग पुन्हा करायला लावा. मीठ खाऊन कोणी आजारी पडत नाही, पण ते पाणी गटारासारखं होईल. उपकरण त्यालाच हाताळू द्या. घरच्या विजेवर चालणाऱ्या उघड्या दांड्यांना तुम्ही हात लावू नका.

हा डेमो वर्षानुवर्षं चालू आहे आणि अजूनही त्यावर मशीनं खपतात. विकणारा पोरगा लबाड असतोच असं नाही. कित्येकांना स्वतःलाच ते खरं वाटत असतं, कारण प्रशिक्षणात त्यांना तसंच शिकवलेलं असतं. प्रश्न त्याच्या प्रामाणिकपणाचा नाही. काय मोजायचं हे विकणाऱ्याने ठरवलं की उत्तर त्याच्या मशीनच्या बाजूनेच येणार. पुढे दिलेली प्रत्येक सूचना याच एका गोष्टीवर उभी आहे: काय मोजायचं ते तुम्ही ठरवा.

दांड्यांचा खेळ हल्ली थोडा जुना झाला. त्याच्या जागी पेनासारखा टीडीएस मीटर आला आहे. दिसायला शास्त्रीय, आकडा देणारा, दोन-तीनशे रुपयांत ऑनलाइन मिळणारा. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार: कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट, क्लोराइड वगैरे. मीटर हे क्षार मोजतही नाही. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि एका ठरावीक गुणकाने त्याचा आकडा करून दाखवतो. म्हणजे दांड्यांचाच प्रयोग, फक्त गंजाशिवाय.

मीटरला काय दिसत नाही ते नीट ध्यानात ठेवा. जंतू दिसत नाहीत. कीटकनाशकं दिसत नाहीत. शिसं किंवा आर्सेनिक घातक प्रमाणात असलं तरी आकडा हलत नाही, कारण आर्सेनिकची मर्यादाच लिटरला 0.01 मिलिग्रॅम इतकी बारीक आहे आणि मीटर पूर्ण मिलिग्रॅमच्या खाली जात नाही. उलट शहाळ्याच्या पाण्यात तो बुडवला तर आकडा हजारांत जाईल. पोटॅशियम असतं ना! आणि गटाराची गळती मिसळलेलं धरणाचं पाणी 90 वगैरे दाखवून मोकळं होईल. "तुमचा टीडीएस 180 आहे, आमच्या मशीनने 30 होईल" हे वाक्य खरं असतं, पण त्यावरून पाणी आधी वाईट होतं आणि आता चांगलं झालं असं काहीच ठरत नाही.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस 10500. त्यात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. त्याच मानकात जंतूंची अट मात्र निखालस आहे: 100 मिलिलिटरच्या नमुन्यात ई-कोलाय सापडता कामा नये. क्षारांच्या बाबतीत मानक सवड देतं, जंतूंच्या बाबतीत देत नाही. जाहिरातीत नेमकं उलटं असतं, कारण क्षारांचा आकडा ओट्यावर लगेच दाखवता येतो.

म्हणून मशीनचं नाव काढण्याआधी आपल्या घरी पाणी कुठून येतं ते शोधा. मुंबईत भातसा, वैतरणा, तानसा अशा धरणांमधलं पावसाचं पाणी येतं, पुण्यात खडकवासल्याच्या साखळीतलं. सह्याद्रीच्या बेसॉल्टवरून वाहत आलेल्या या पाण्यात मुळातच क्षार कमी. अशा घरात आरओ लावणं म्हणजे नसलेल्या आजारावर ऑपरेशन करून घेणं. राष्ट्रीय हरित लवादाने मे 2019 मध्ये टीडीएस 500 पेक्षा कमी असलेल्या ठिकाणी आरओ वापरावर बंदी आणायला केंद्राला सांगितलं होतं. उत्पादकांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि प्रकरण लांबलं. बाजारात त्यामुळे काहीच फरक पडला नाही. दादरच्या दुकानातही पहिल्यांदा आरओच दाखवतात.

याचा अर्थ महापालिकेचं पाणी डोळे मिटून प्यावं असा नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या 2019 च्या तपासणीत 21 शहरांत मुंबई पहिली आली, तिचे दहाही नमुने उत्तीर्ण झाले. बातमी गाजली. पण दीड कोटीच्या आसपास लोकांच्या शहरासाठी नमुने दहा! शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणी उत्तम असतं याबद्दल फारशी शंका नाही. घोटाळा पुढे होतो. पाणी काही तासच येतं, उरलेल्या वेळात जलवाहिनीत दाब नसतो, जुनी वाहिनी गटाराशेजारून गेलेली असते आणि फटीतून घाण आत ओढली जाते. मग सोसायटीची जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी, तिचं निखळलेलं झाकण. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गुलेन बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले तेव्हा संशय दूषित पाण्यावर आला आणि रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. त्याच भागातल्या खासगी आरओ प्रकल्पांचं पाणीही तपासणीत दूषित आढळलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण कोपऱ्यावरचा 'आरओचा थंड जार' घरोघरी विश्वासाने घेतला जातो. त्या जारमधल्या पाण्याचा टीडीएस बहुधा उत्तम असतो. जार कशाने धुतला ते मीटर सांगत नाही.

धरणाचं पाणी असेल तर तुमची काळजी जंतूंची, आणि जंतूंसाठी तीन वाटा आहेत. पहिली, उकळणं. पाणी खदखदून उकळलं की मिनिटभर तसंच ठेवा, बंद करा, त्याच भांड्यात झाकून निवू द्या. दहा-वीस मिनिटं उकळत ठेवण्याने गॅसवाल्याचा फायदा होतो. दुसरी, यूव्ही: अतिनील दिव्याखालून पाणी जातं आणि जंतू निकामी होतात. मात्र पाणी गढूळ असेल तर किरण पोचत नाहीत, म्हणून दिव्याआधी गाळणी हवीच. आणखी एक गोम अशी की दिवा निळसर पेटलेला दिसत राहतो, पण साधारण वर्षभरात त्याची ताकद उतरते. पेटतोय म्हणजे काम करतोय असं धरू नका, बदलल्याची तारीख मशीनवर मार्करने लिहा. तिसरी, यूएफ: अतिसूक्ष्म छिद्रांची पडदी. वीज लागत नाही, पाणी वाया जात नाही, जिवाणू अडतात. सगळे विषाणू अडतीलच याची हमी नाही. वीज सारखी जाणाऱ्या गावात मला हीच सोय बरी वाटते, जोडीला क्लोरीनचे थेंब.

क्लोरीनवरून आठवलं. "पाण्याला औषधाचा वास येतो" अशी तक्रार करणारे बरेच असतात. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा हलका वास येणं ही चांगली खूण आहे. वाटेत शिरलेल्या जंतूंना मारायला थोडं औषध शिल्लक आहे असा तो निरोप. उघड्या भांड्यात तासभर ठेवलं की वास जातो. आणि इथेच आरओचा एक दोष फारसा कोणी सांगत नाही: त्यातली कार्बनची गाळणी हे शिल्लक क्लोरीनही काढून टाकते. मग मशीनच्या सात-आठ लिटरच्या टाकीत पाणी दोन दिवस राहिलं, गावाला जाऊन आल्यावर तसंच प्यायलं, तर त्याला राखण कोणाचीच नसते. गावाहून आल्यावर टाकी आधी रिकामी करा.

आता दुसरी बाजू. बोअरवेलचं पाणी असेल, तुरीची डाळ तासाभरातही शिजत नसेल, साबणाला फेस येत नसेल, भांड्यांवर पांढरे पापुद्रे धरत असतील, तर क्षार खरोखरच जास्त आहेत आणि आरओचा विचार रास्त आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. दातांवर पट्टे आणि हाडांचं दुखणं त्यातून येतं. तिथे उकळण्याचा उपयोग नाही. वाफ निघून जाते, फ्लोराइड भांड्यात राहतं, उलट थोडं दाट होतं. नायट्रेटचंही तेच. तुरटी फिरवली की गाळ बसतो, पाणी छान दिसतं. पण ना जंतूंची खात्री, ना फ्लोराइडची. अशा पाण्याला आरओ हा खरा उपाय आहे. त्याचा शोधच खारं पाणी गोडं करण्यासाठी लागला: 1960 च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोएब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी त्याची पडदी बनवली, आणि 1965 मध्ये कोअलिंगा नावाच्या तिथल्याच एका गावात मचूळ पाण्यावर पहिलं यंत्र चाललं. दादरच्या ओट्याचा विचार त्यांच्या डोक्यात नसणार.

कोणत्या पाण्यात काय आहे हे कळायला मीटर पुरत नाही, प्रयोगशाळा लागते. गावात असाल तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला गाठा. स्रोताचे नमुने पाठवणं, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली का ते पाहणं आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का ते दाखवणारी ओटी टेस्ट करणं हे त्याचंच काम. पाण्याच्या सुरक्षिततेवरून ग्रामपंचायतीला मिळालेलं कार्ड हिरवं, पिवळं की लाल हेही त्याला विचारा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यात आणि काही तालुक्यांत आहेत, खासगी विहीर-बोअरचं पाणीही माफक शुल्कात तपासून मिळतं. शहरात महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात विचारा. रासायनिक तपासणी एक आणि जंतूंची दुसरी, दोन्ही मागा. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच घ्या, जुन्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत नेलेल्या नमुन्यावरून काही कळणार नाही. बोअरचं पाणी उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा तपासलं तर बरं, दोन्ही आकडे सारखे नसतात. टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांचं अवघड आहे, आजचा टँकर एका विहिरीचा, उद्याचा दुसऱ्या. तिथे आरओ आणि यूव्ही दोन्ही असलेलं मशीन घ्यावं लागलं तर मी नाक मुरडणार नाही.

तपासणीचा कागद हातात आला की दुकानात जा आणि मग जाहिरातीतली विशेषणं एकेक करून सोलून काढा.

'99.99 टक्के जंतूंचा नाश' हे बघा. ऐकायला जवळजवळ शंभर. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1987 मध्ये शुद्धीकरण यंत्रांच्या चाचणीची जी पद्धत ठरवली तिच्यात जिवाणूंसाठी 99.9999 टक्के, विषाणूंसाठी 99.99 आणि जियार्डियासारख्या परजीवींच्या कोषांसाठी 99.9 टक्के अशी अट आहे. म्हणजे जिवाणूंच्या बाबतीत 99.99 हा आकडा त्या अटीला शंभर पटींनी कमी पडतो. दुकानदाराला विचारायचं ते असं: कोणत्या जंतूंचा, कोणत्या प्रयोगशाळेत, आणि किती लिटर पाणी जाईपर्यंत? नव्या मशीनमधून निघालेल्या पहिल्या बादलीची चाचणी सगळेच पास होतात.

'सात टप्पे, नऊ टप्पे' यातले निम्मे टप्पे एकाच कामाच्या दोन गाळण्या असतात. 'मिनरल', 'कॉपर', 'अल्कलाइन' या काडतुसांची मौज वेगळी. आधी मशीन कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून टाकतं, त्याचे पैसे. मग त्यातलंच थोडं परत घालतं, त्याचे आणखी पैसे. आपल्या शरीराला लागणारे क्षार मुख्यतः जेवणातून येतात, भाजी-भाकरी-दुधातून. पाण्याचा वाटा लहान. त्यामुळे आरओच्या पाण्याने हाडं ठिसूळ होतील ही भीतीही मला तितकीच विक्रीची वाटते, ती फक्त दुसऱ्या दुकानाची. अल्कलाइन पाणी पोटातल्या आम्लात पडलं की त्याचा अल्कलाइनपणा तिथेच संपतो.

टीडीएस कंट्रोलर नावाचा एक छोटा स्क्रू मात्र नीट समजून घ्या. तो फिरवला की आरओमधून न गेलेलं पाणी, नुसतं गाळून किंवा दिव्याखालून काढून, शुद्ध पाण्यात मिसळतं आणि चव सुधारते. क्षार जास्त एवढीच तक्रार असेल तर ठीक. पण फ्लोराइडसाठी किंवा आर्सेनिकसाठी आरओ घेतला असेल तर हा स्क्रू उघडणं म्हणजे ते परत ग्लासात ओतणं. बसवायला येणारा माणूस "चव छान लागेल" म्हणत तो फिरवून जातो. त्याला स्क्रू पूर्ण बंद करायला लावा. आणि इथे टीडीएस मीटरचा एक खरा उपयोग आहे: नळाचा आकडा आणि मशीनचा आकडा दर दोन महिन्यांनी टिपून ठेवा. 900 चे 60 होत होते आणि आता 250 होतात, तर पडदी (मेम्ब्रेन) गेली. सर्व्हिसवाला "मेम्ब्रेन खराब झालाय" म्हणाला की हीच वही पुढे करा.

हल्ली मशीन अॅपला जोडलेलं असतं. फिल्टर किती टक्के उरला ते मोबाइलवर दिसतं. बहुतेक यंत्रांत हा आकडा गेलेल्या दिवसांवरून किंवा लिटरवरून काढलेला असतो, आत डोकावून कोणी पाहिलेलं नसतं. तुमचं पाणी चांगलं असेल तर फिल्टर जास्त टिकेल, अॅप तरीही ठरल्या दिवशी लाल होईल. भाड्याने मिळणाऱ्या काही मशीनांत रिचार्ज संपला की पाणीच बंद होतं. भाडेकरू कुटुंबाला ही सोय परवडूही शकते, पण मासिक भाडं गुणिले बारा, असा हिशेब आधी कागदावर करा.

माहिती कुठून घ्यायची हा प्रश्न उरतोच, कारण वर्तमानपत्र आणि इंटरनेट दोन्ही या धंद्यात आहेत. पावसाळा तोंडावर आला की 'पाण्यातून होणारे आजार आणि घ्यायची काळजी' असं अर्धं पान येतं, तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला असतो आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'माहितीपर जाहिरात' किंवा 'ब्रँड कनेक्ट'. कोपरा आधी वाचा. 'सर्वोत्तम पाच प्युरिफायर' अशा याद्यांखाली खरेदीची बटणं असतील तर त्या विक्रीवर यादी करणाऱ्याला कमिशन मिळत असण्याची शक्यता मोठी. अशा यादीत 'तुम्हाला कदाचित मशीनची गरजच नाही' हा सहावा पर्याय कधी दिसला आहे का? हेमामालिनी, माधुरी दीक्षित अशा ताऱ्यांनी या मशीनांच्या जाहिराती केल्या. त्यांच्या घरी पाणी कसं येतं त्यावरून तुमच्या घरचं ठरत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला आणि जाहिरात करणाऱ्या ताऱ्यालाही 10 लाखांपर्यंत, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. पडताळणी केली होती असं सिद्ध केलं की तारा सुटतो.

घ्यायचंच ठरलं तर डेमोच्या दिवशी पैसे देऊ नका. "ऑफर आजच" असेल तर उद्याही असते. चार गोष्टी लेखी मागा: वर्षाला किती खर्च येईल, पडदी कितीला, गाळण्या सर्वसाधारण मापाच्या की फक्त त्याच कंपनीच्या, आणि एक लिटर शुद्ध पाण्यामागे किती पाणी वाया जातं. घरगुती आरओ लिटरमागे दोन-तीन लिटर सोडून देतो. ती नळी सिंकमध्ये न सोडता बादलीत घ्या. फरशीला, संडासाला चालतं, बोअरचं असेल तर कुंड्यांना रोज घालू नका, माती खारते.

सर्व्हिसचा नंबर वॉरंटी कार्डावरूनच लावा. इंटरनेटवर शोधून लावलेला 'कस्टमर केअर' भलत्याचाच निघतो, आणि "कंपनीतून बोलतोय, तुमची सर्व्हिस ड्यू आहे" असा आपणहून आलेला फोनही. बदललेली जुनी काडतुसं मागून घ्या आणि त्याच्यासमोर त्यांवर मार्करने फुली मारा. जुनीच धुऊन परत बसवल्याच्या तक्रारी काही कमी नाहीत.

फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची, आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. पुरावा म्हणून बिल, वॉरंटी कार्ड, टीडीएसची वही आणि विक्रेत्याचे व्हॉट्सअॅप संदेश लागतील. त्या चॅटमध्ये संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर ती आजच बंद करा.